एफ-वन आणि फोनवरच्या बाई

आयुष्यात मी सगळ्यांत जास्त हेवा कुणाचा केला असेल, तर तो एका टेलिफोनचा. माणसं मोठ्या लेखकाचा हेवा करतात, गेला बाजार शेजाऱ्याच्या नव्या मोटारसायकलीचा करतात. त्यात थोडी तरी प्रतिष्ठा असते. माझ्या वाट्याला वायरीला पीळ पडलेला एक राखाडी टेलिफोन आला, आणि त्याच्यामागे बसणाऱ्या एक बाई.

आमचं ऑफिस कोल्हापूरच्या शाहूपुरीत, पाण्याच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका दुकानाच्या वर होतं. दिवसभर खालून व्हार्निशचा वास यायचा आणि घरी गेल्यावर शर्टालाही यायचा. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचो. सकाळ-संध्याकाळ कुणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, दर काय बसला, दहा दिवसांचं बिल किती झालं, एवढाच त्याचा संसार. नव्वदचं दशक संपत आलं होतं. संस्थांत काँप्युटर नुकते येऊ लागले होते. त्यांच्यावर प्लॅस्टिकचं आवरण असायचं, आवरणावर हळदकुंकू असायचं, आणि आवरण काढायची परवानगी बहुधा फक्त सचिवांना असायची.

त्याआधी मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. हे तत्त्व असं, की तास संपला की तुमचं अस्तित्वही संपतं. आमच्या ऑफिसचे मालक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, इंजिनिअर होते. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की परदेशी सॉफ्टवेअरमध्ये मदत असते. म्हणून आपल्यातही पाहिजे, आणि मराठीतून पाहिजे. अशा रीतीने मी मदत लिहायला लागलो.

ही मदत म्हणजे काय ते सांगतो. प्रोग्रॅम चालू असताना कीबोर्डवरची एफ-वन ही कळ दाबली की एक खिडकी उघडायची. डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर. ज्या कामात माणूस अडला असेल त्याच कामाचं पान समोर यायचं. त्यासाठी प्रत्येक पान एचटीएमएलमध्ये वेगळं लिहायचं, चित्रं जोडायची, अनुक्रमणिकेची फाइल वेगळी करायची, आणि मग फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये हे सगळं घालून दाबायचं. कायलीभर उसाचा रस आटवून गुळाची एक ढेप निघावी तशी शेकडो पानांची एकच फाइल निघायची. तिच्या नावाच्या शेवटी सीएचएम अशी तीन अक्षरं असायची. त्या काळच्या मराठी फॉन्टांमुळे डावीकडची अनुक्रमणिका आधी नुसती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायची. ती मराठीत आणायला मला बरेच दिवस लागले. शब्दसूची तर शेवटपर्यंत वर्णमालेनुसार लागली नाही. 'बिल' आधी, 'फॅट' त्यानंतर कुठेतरी, आणि 'अनुदान' ल-च्या शेजारी. मला त्याचंही काही वाटत नसे. पहिल्यांदा ती ढेप निघाली आणि एका टिचकीत उघडली, तेव्हा मी खाली जाऊन रिवाइंडिंगवाल्याला चहा पाजला. कशाबद्दल, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

कारण असं, की मला पुस्तक लिहायचं होतं. बरीच वर्षं लिहायचं होतं. वाचनालयाची कपाटं चाळून झाली होती, दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका तोंडपाठ होत्या, आणि स्वतःचं एक प्रकरणही पुरं झालं नव्हतं. ही मदत मात्र पुरी झाली. प्रकरणं, उपप्रकरणं, एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणारे दुवे. 'बंद केलेल्या वेळेतील नोंद दुरुस्त करणे' या पानावर मी आठवडा घालवला होता. सकाळचं संकलन बंद केल्यावर एखाद्याची फॅट चुकली असं लक्षात आलं तर काय करायचं, ही दूध संस्थेतली सगळ्यांत नाजूक घटका. समोर दूध घातलेला माणूस उभा असतो आणि तो शांत नसतो. त्या पानातलं एकही वाक्य मी कामाशिवाय ठेवलं नव्हतं. ते माझं सगळ्यांत चांगलं लेखन आहे असं मला तेव्हा वाटे. आताही वाटतं.

आणि ते कुणी वाचत नव्हतं.

वाचत नव्हतं, कारण फोन होता. संस्थेत काही अडलं की सचिव थेट ऑफिसला फोन लावत. फोनवर ज्या बाई होत्या त्या शिरोळकडून रोज एसटीने यायच्या. बी.कॉम. झालेल्या, लग्न झालेल्या, ऊसवाल्या घरातल्या. आवाज असा, की रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी पलीकडच्याला स्पष्ट ऐकू जावा. त्या कुणालाही साहेब म्हणत नसत. म्हातारा सचिव असेल तर मामा, तरुण असेल तर दादा, आणि ओळख नसेल तर पावणं. अर्ध्या तालुक्याला त्यांचा आवाज पाठ होता. दिवाळीला त्यांच्यासाठी खरवसाचे डबे यायचे, गुळाच्या ढेपा यायच्या. मी मदत लिहिली म्हणून मला कुणी कधी शेंगदाणेही पाठवले नाहीत.

त्या मला मास्तर म्हणायच्या. आधी मला वाटलं, शिकवत होतो म्हणून. नंतर त्यांनीच सांगितलं की मी बोलताना समोरच्याने वही काढावी अशी अपेक्षा चेहऱ्यावर दिसते.

मी त्यांचा हेवा करत होतो हे मला लवकर कळलं. फोन वाजला की माझं वाक्य तुटायचं. "व्हय मामा, मी हाय की, घाबरू नगासा," असं त्या म्हणाल्या की पलीकडचा माणूस हसल्याचं रिसीव्हरमधून ऐकू यायचं. माझ्या मदतीच्या खिडकीसमोर कुणी हसल्याचं मी कधी ऐकलं नाही. पानांसाठी विषय मिळतात या सबबीखाली मी त्यांचे फोन ऐकत बसायचो. खरं म्हणजे मला एवढंच पाहायचं होतं, की एकदा तरी त्या म्हणतात का, एफ-वन दाबा. कधी म्हणाल्या नाहीत. मी एकदा तसं सुचवून पाहिलं.

"माणूस अडलाय तिथं," त्या म्हणाल्या, "आन मी त्याला वाचत बस म्हणू?"

दोन हजार साल उलटून गेल्यावर साहेबांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. ते सरळ माणूस होते, वाईट बातमी खुर्चीवर बसायच्या आधी सांगत. फोनवर फार वेळ जातो, म्हणाले. या आवृत्तीनंतर फोन कमी झाले तर मदत चालू, नाहीतर मदतीचं काम बंद, आणि मी सॉफ्टवेअर विकायला गावोगाव फिरायचं. त्यांच्या मते माझी भाषा चांगली असल्यामुळे मला ते जमलं असतं. मला माहीत होतं की मला कुणीही काहीही विकू शकतं, पण मी कुणाला काही विकू शकत नाही. मी तेवढं सांगितलं. साहेब म्हणाले, मग फोन कमी होऊ देत.

म्हणजे आता एकीकडे फोनवरच्या बाई होत्या आणि एकीकडे मी होतो. त्यांना याची कल्पना नव्हती. निदान तसं दाखवत नव्हत्या.

साहेबांना समारंभांची फार आवड होती. साधा प्रिंटर आला तरी नारळ फुटायचा. नवीन आवृत्तीचं प्रकाशन त्यांनी नदीकाठच्या एका मोठ्या गावातल्या दूध संस्थेत ठेवलं. सॉफ्टवेअरचं प्रकाशन कसं करणार, यावर ऑफिसात दोन दिवस खल झाला. सीडीला लाल फीत बांधून सोडायची, ही पहिली सूचना. पण सोडल्यावर आत काय आहे ते लोकांना दिसणार नाही. शेवटी ठरलं, की संस्थेच्या चेअरमनसाहेबांनी एफ-वन दाबायचं. पडद्यावर माझी मदत उघडेल आणि टाळ्या पडतील. त्यानंतर माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. ही शेवटची कल्पना ऐकून मी चेहरा निर्विकार ठेवला. समारंभांवर मी आयुष्यभर टीका केली आहे, आणि त्या आठवड्यात दाढीचं नवीन ब्लेडही आणलं.

बाईंना ऑफिसातच थांबावं लागलं, कारण फोन सोडून कुणी जाणार कसं. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संस्थेचं आवार दोन्ही वेळच्या दुधाने आंबूस झालेलं असतं, त्या दिवशी त्यावर उदबत्त्यांचा वास होता. मंडप घातला होता. काँप्युटर आतल्या खोलीतून उचलून व्यासपीठावर आणला होता. त्याला झेंडूची माळ होती, ती पडद्याच्या मधोमध येत असल्यामुळे कुणीतरी थोडी वर ओढून खिळ्याला अडकवली होती. चेअरमन फेटा बांधून आले. फेटा इतका मोठा होता की वाकून कीबोर्ड बघताना तो पुढे सरकायचा आणि मागून एक कार्यकर्ता तो धरायचा. साहेबांनी भाषणात माझा उल्लेख 'शब्दप्रभू' असा केला. माझ्या शेजारी बसलेल्या पशुवैद्य डॉक्टरांनी माझ्याकडे एकदा नीट बघून घेतलं.

मग चेअरमननी एफ-वन दाबलं.

खिडकी उघडली. डावीकडे माझी सगळी अनुक्रमणिका, प्रकरणांसकट, सुंदर मराठीत. उजवीकडे काही नाही. पांढरं पान आणि वर इंग्रजीत एक वाक्य, की हे पान दाखवता येत नाही. चेअरमननी अनुक्रमणिकेतल्या दुसऱ्या नावावर टिचकी मारली. तेच. तिसऱ्यावर मारली. तेच. साहेब माझ्याकडे बघू लागले आणि मी माळेकडे बघू लागलो.

चेअरमन मुरलेले गृहस्थ होते. त्यांनी माइक हातात घेतला आणि सचिवांना विचारलं, "ह्यात तर काय न्हाय ओ. आता?"

"न्हाई म्हणजे आमाला कधी लागलंच न्हाई," सचिव म्हणाले. "बाईंना फोन लावू की."

फोन टेबलावरच होता. सचिवांना नंबर पाठ होता. त्यांनी स्पीकरचं बटण दाबलं आणि चेअरमननी माइक फोनला लावला. मंडपातल्या चारही भोंग्यांमधून बाईंचा आवाज आला, "बोला मामा, आज कार्यक्रम न्हवं तुमच्यात?" मंडप हसला. चेअरमन म्हणाले, बाई, समजा सकाळचं दूध बंद केलं आणि मागाहून कळलं की पाटलांची फॅट चुकली, तर काय करायचं ते सगळ्यांना सांगा.

भोंग्यांतून कागद चाळल्याचा आवाज आला नाही, माउसच्या टिचकीचा आला.

"आधी समोरच्या सभासदाला थांबायला सांगा आन त्याची पावती हातात घ्या की," त्या म्हणाल्या. "बंद केलेली वेळ परत उघडू नका. दुरुस्तीची नोंद वेगळी करा, म्हणजे जुनी नोंदही दिसेल आणि नवीही, आणि उद्या कुणी विचारलं तर उत्तर तयार असेल."

ते माझं पान होतं. 'आन' आणि 'की' त्यांचे, बाकी प्रत्येक शब्द माझा. आठवडाभर घासलेली वाक्यं, त्याच क्रमाने, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. त्यांनी ती अशी म्हटली, की जणू त्या शेजारच्या ओट्यावर बसून सांगत होत्या. मागच्या रांगेतल्या एका शेतकऱ्याने मान डोलावली. "बरोबर बोलत्यात," तो म्हणाला. आणि मग टाळ्या पडल्या. त्या गावात मी तेवढ्या टाळ्या पुन्हा कधी ऐकल्या नाहीत.

मी तिसऱ्या खुर्चीवर बसून माझ्या स्वतःच्या वाक्यांचा हेवा करत होतो. ती एका दुसऱ्याच माणसाबरोबर निघून गेली होती आणि तिथे सुखी होती.

चेअरमननी तिथल्या तिथे जाहीर केलं की शाल बाईंना. सत्कारमूर्ती हजर नसल्याने शाल आणि नारळ माझ्या हातात देण्यात आले, पोचवायला. जीपमध्ये पुढे साहेब होते, मागे मी आणि मांडीवर शाल. कोल्हापूरला ऑफिसात पोचल्यावर मी ती बाईंच्या टेबलावर ठेवली.

शाल बघून बाई म्हणाल्या, "तुमची की ओ ही, मास्तर. मी तुमचंच तर वाचून दाखवलं."

"तुम्ही मदत वाचता?"

"रोज उघडीच असती समोर. एवढं सगळं ध्यानात कोण ठेवतंय?" मग त्यांनी शालीचा पोत बोटांनी बघितला. "सासूबाईंना होईल."

इतकी वर्षं मला वाचक हवा होता. तो माझ्यापासून दोन टेबलांवर बसलेला होता, आणि त्याला माझ्यापेक्षा जास्त खरवस मिळत होता.

पान पांढरं का झालं, याचा शोध मी पुढचे काही दिवस घेतला. त्या संस्थेत जाऊन मदतीची फाइल उचलून दुसरीकडे ठेवली की ती नीट उघडायची, परत जागेवर ठेवली की पांढरी. शेवटी मी फोल्डरचं नाव बघितलं. सॉफ्टवेअर बसवणारा आमचा माणूस देवभोळा होता आणि सचिवही. देवाचं नाव काँप्युटरमध्ये सगळ्यांत वर पाहिजे, असा आग्रह होता. फोल्डरची नावं वर्णानुक्रमाने लागतात आणि 'श्री' इंग्रजीत लिहिलं की पार खाली जातं. म्हणून त्याने आधी एक चिन्ह जोडलं होतं, टेलिफोनच्या बटणांवर चौकटीसारखं असतं ते, हॅश. चिन्ह आलं की श्री सगळ्यांत वर. आणि सीएचएमची खोड अशी, की तिच्या वाटेत कुठे हॅश आला की ती अनुक्रमणिका दाखवते आणि पान दाखवत नाही.

मी त्या माणसाला विचारलं, हे आणखी कुठे केलंय का? तो आनंदाने म्हणाला, आपलं ऑफिस सोडून सगळीकडे. लोकांना आवडतं.

मी जिना चढून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. त्या दिवसाइतका आनंद मला ढेप निघाली तेव्हाही झाला नव्हता. लोक मदत वाचत नव्हते असं नाहीच, मी म्हटलं, त्यांना ती दिसतच नव्हती. गावोगाव पानं पांढरी होती. हॅश काढा, मग बघा.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "इतकी वर्षं पांढरी होती?"

"हो."

"मग कुणी तक्रार का केली नाही?"

त्यांनीच मग निर्णय दिला. हॅश काढायला गावोगाव माणूस पाठवणं परवडणार नाही. मदत सीडीवरून काढून टाकायची. फोनचा नंबर मुख्य पडद्यावर मोठ्या अक्षरांत घालायचा. आणि बाईंना सांगायला काहीतरी पाहिजे, म्हणून मदत ऑफिसातल्या त्यांच्या मशिनवर राहील आणि मी ती लिहीत राहायचं. अशा रीतीने माझी नोकरी वाचली. माझ्या पुस्तकाची आवृत्ती एका प्रतीची झाली. मला विकायला पाठवलं नाही, याबद्दल मी साहेबांचे आभारही मानले.

पुढची काही वर्षं मी बाईंसाठी लिहिलं. त्या आता उघडपणे हुकूम सोडत. हे वाक्य लांबलंय मास्तर, श्वास पुरत न्हाई. ह्यात 'तत्पूर्वी' काढा, मामा लोकांना कळत न्हाई. मी काढायचो आणि वाक्य सुधारायचं, हे आणखी वाईट. त्यांचं कौतुक वाढत गेलं. एका संस्थेने आपल्या अहवालात त्यांचा फोटो छापला, खाली 'मार्गदर्शक' असं लिहून. तो अहवाल मी तीनदा वाचला. मुद्रणदोष पुष्कळ होते.

मग एका पावसाळ्यात कृष्णेला आणि पंचगंगेला एकदमच पाणी आलं. शिरोळचे रस्ते बुडाले, एसटी बंद झाली. बाईंनी उंचावरच्या नातेवाइकांकडून एकदा फोन करून सांगितलं की घरात कमरेएवढं पाणी आहे, माणसं आणि जनावरं बाहेर काढलीत, रस्ता उघडला की येईन. आणि फोन सांभाळा, म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. मनात कुठेतरी वाटत होतं, आता आला माझा दिवस. पान उघडं होतं, शब्द माझे होते, आवाजही कॉलेजातल्या तासांवर कमावलेला होता. फोन वाजला. पलीकडे वारणेकडच्या एका संस्थेचा सचिव, वयस्कर.

"बाई न्हाईत?"

नाहीत, म्हटलं, पुरात अडकल्यात, पण सुखरूप आहेत. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. घरात पाणी शिरलं का, म्हशी काढल्या का, सासूबाई कशा आहेत, हे सगळं विचारलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं मी सांगितलं, आणि ते फार नव्हतं. मी पुरात अडकलो असतो तर माझ्या म्हशींची चौकशी करायला किती जणांचा फोन आला असता, असं मनात आलं. मला म्हशी नव्हत्या, हा भाग वेगळा.

मग त्याने अडचण सांगितली. सकाळचं संकलन बंद झालं होतं, एकाची फॅट चुकली होती, माणूस समोर उभा होता. माझंच पान. मी घसा साफ केला आणि सांगू लागलो, आधी समोरच्या सभासदाला थांबायला सांगा, त्याची पावती हातात घ्या. शेवटपर्यंत सांगितलं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता.

"ऱ्हाऊ द्या सर," तो म्हणाला, अगदी समजुतीच्या सुरात. "तुम्ही वाचून दाखवताय. बाई स्वतःच्या मनानं सांगत्यात. त्या आल्या की लावतो. तवर ह्या पावण्याला मी बसवून घेतो इथंच, च्या पाजतो."

बरं, मी म्हटलं.